दोरी मारलेला कोबा

पुण्यातल्या कुठल्याही चाळीस-पन्नास वर्षं जुन्या बंगल्याची मागची बाजू बघा. पुढून घर कितीही नटलेलं असो, मागे धुण्याच्या दगडापाशी, नळाखाली, जिन्याच्या तोंडाशी करडा कोबा, म्हणजे घोटलेली सिमेंटची जमीन, असतो आणि त्यावर फूट-फूट अंतरावर आडव्या-उभ्या रेघा असतात. लांबून फरशीच वाटते. जवळ गेलं की कळतं, सांधा नाहीच, आहे ती नुसती खूण. वाकून बघितलं तर त्या खुणेत सुतळीचा पीळसुद्धा उमटलेला सापडतो. कोबा घोटून झाला पण अजून पुरता आवळला नाही, अशा वेळी दोन माणसं दोन टोकांना सुतळी ताणून धरतात, तिसरा थापीनं वरून हलके ठोके देतो, सुतळी उचलली की रेघ राहते. ह्याला दोरी मारणं म्हणतात. कामगार दोघंच असले तर एक टोक खिळ्याला.

ह्या रेघांचा उपयोग काय, असं मी पूर्वी कुणाला विचारलं नव्हतं. घराच्या मागच्या बाजूला कोण प्रश्न विचारतं? तडे जाऊ नयेत म्हणून असतील, असा एक समज असतो, पण तो खरा नाही. काँक्रीटला तडा ठरावीक रेघेवरच जावा असं वाटत असेल, तर खाच जाडीच्या निदान पाव भाग खोल हवी. चार इंची थर असेल तर इंचभर. सुतळीची खूण जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच. तडा तिला जुमानत नाही, तो आपल्या मर्जीनं चौकटी ओलांडून जातो. पाय घसरू नये म्हणून थोडा उपयोग होत असेल. पण मुख्य कारण एकच: बरं दिसतं. ज्या जागी पाहुणा कधी पाऊल टाकणार नाही, जिथे खरकटी भांडी आणि ओले पोतेरे ठेवायचे, तिथेही कुणाला तरी वाटलं की सपाट करडं नको, काहीतरी नक्षी हवी. मला ह्या वाटण्याचं फार कौतुक आहे.

आमच्या पुढच्या अंगणाचं काम निघालं तेव्हा हा कोबा एकदम आठवला. आमचं घर सहकारनगरात, तळजाईच्या पायथ्याशी. फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची शहाबादी फरशी खालची जमीन बसल्यामुळे वर-खाली झाली होती, आणि तिथे गाडी उभी राहायची. काँक्रीट करायचं एवढं ठरलं. मग एक तरुण कंत्राटदार टॅब्लेट घेऊन आला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जग उलगडलं. ॲशलर स्लेट, युरोपियन फॅन, कॉबल स्टोन, लाकडी फळी, कोरड्या नदीचे गोटे. प्रत्येक नमुन्याला सोळा रंग. ‘काकू, हे सगळं काँक्रीटच आहे बरं का,’ असं तो दर चित्रामागे म्हणायचा, आणि ते खरंही होतं. त्यातलं एकही चित्र काँक्रीटचं दिसत नव्हतं, हीच तर त्याची जाहिरात होती.

ह्या छापाच्या काँक्रीटचा जन्म अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे भागात ब्रॅड बोमन नावाच्या माणसानं १९५० च्या दशकात ओल्या काँक्रीटवर दगडी फरसबंदीचा छाप उठवायची पद्धत बसवली, आणि तीच पुढे बोमनाइट ह्या नावानं विकली गेली. सुरुवातीला छाप धातूचे, पात्यांचे. त्यांनी नुसती बाह्यरेषा उमटायची. पुढे रबरासारख्या लवचिक चटया आल्या आणि दगडाचा पोतसुद्धा उतरायला लागला. पद्धत आजही साधारण तीच. चार-पाच इंचांचा थर ओतायचा, सपाट करायचा, वर रंगीत कोरडी पूड भुरभुरून घोटायची. चटई चिकटू नये म्हणून दुसऱ्या, थोड्या गडद रंगाची पूड मारायची. मग चटया शेजारी-शेजारी मांडून त्यांवर उभं राहायचं आणि धुम्मसानं ठोकायचं. ही दुसरी पूड नंतर धुतली, की खोलगट भागात तिचा अंश राहतो आणि दगडाला वय आल्याचा भास होतो. सगळ्यात शेवटी चकाकणारं सीलर.

मुळशीकडे, पानशेतच्या वाटेवर, भोरच्या अलीकडे जी फार्महाउसं झाली आहेत, तिथे हे काम मी पुष्कळ पाहिलं आहे. चांगल्या हातानं केलेलं असेल तर खरोखर फसायला होतं. माझा आक्षेप फसण्याला नाही. आक्षेप हा, की ते अंगण कुठल्या तरी युरोपातल्या गल्लीचं सोंग घेऊन बसलेलं असतं आणि कंपाउंडच्या पलीकडे उघडा डोंगर असतो, काळ्या कातळाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. आठव्या शतकात ह्याच कातळात पाताळेश्वर कोरलं गेलं आणि त्यासमोरचा तो गोल नंदीमंडपही. त्याच्या शेजारी पिवळसर तांबूस स्लेटची नक्कल मांडायची आणि त्यासाठी खडी मात्र ह्याच डोंगराची फोडायची! काँक्रीटच्या पोटात निम्म्याहून जास्त खडी आणि कचच असते. तो दगड आत दडपून वर परक्या दगडाचं चित्र काढायचं, हे मला जरा अतीच वाटतं.

पण नक्कल म्हटली की नाक मुरडायचं, असंही मला करता येत नाही, कारण सिमेंटचा सगळा इतिहासच नकलेचा. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं ते कृत्रिम दगड बनवण्याच्या रीतीतली सुधारणा म्हणून. त्या काळी इंग्लंडात नावाजलेल्या पोर्टलंडच्या दगडाशी त्यानं आपल्या मालाचं नातं लावलं. त्याहून गमतीची गोष्ट लोखंडी काँक्रीटची. आज ज्याच्या जिवावर पन्नास मजले उभे राहतात त्या आरसीसीचं एक सुरुवातीचं पेटंट, १८६७ सालचं, एका फ्रेंच माळ्याचं आहे. जोसेफ मोनिए त्याचं नाव. त्याला इमारती बांधायच्या नव्हत्या. त्याला झाडं लावायला टिकाऊ कुंड्या हव्या होत्या, म्हणून त्यानं सिमेंटच्या आत लोखंडाची जाळी घातली. म्हणजे घराबाहेरची शोभा आधी आणि खांब-तुळया नंतर. त्याच फ्रान्समध्ये बागेतले कठडे आणि बाक झाडाच्या ओंडक्यासारखे घडवायची टूम निघाली. आपल्या महापालिकेच्या बागांतून सालीच्या भेगा कोरलेले, वर तपकिरी ऑइलपेंट दिलेले सिमेंटचे बुंधे दिसतात ना, ते तिथून फिरत-फिरत इकडे आले. लहानपणी मला ते खरे वाटायचे. आता रंगाचे पोपडे उडाल्यावर आतलं करडं दिसतं आणि ते मला जास्त आवडतं, पण हा माझा वैयक्तिक विक्षिप्तपणा समजा.

तर नक्कल जुनी. दोरी मारलेला कोबाही फरशीची नक्कलच. मग त्याला माफ आणि चटईच्या छापाला नाही, असं का? मी ह्यावर बराच विचार केला आणि मला सापडलेलं उत्तर झिजण्याचं आहे. कोबा वरून खालपर्यंत एकच. रेघ झिजली तर रेघ जाते, खालचा कोबा कोबाच राहतो. छापाच्या काँक्रीटचा रंग वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच. गाडीची चाकं रोज एकाच पट्ट्यावरून फिरली, की काही वर्षांनी त्या पट्ट्यात दगडाखालचं सिमेंट डोकं वर काढतं. मग डागडुजी करायला पुन्हा तीच पूड, तोच रंग हवा, आणि तो कंत्राटदार तेव्हा कुठे असेल कुणास ठाऊक. रंग पाहिजेच असेल तर तो मालातच मिसळावा. लोखंडाची ऑक्साइडं, म्हणजे लाल, पिवळी, काळी, उन्हात उडत नाहीत आणि सिमेंटच्या क्षाराला पुरून उरतात. सिमेंटच्या वजनाच्या चार-पाच टक्क्यांत छान रंग येतो. दहाच्या वर गेलं की रंग तर वाढत नाहीच, मालाचीच ताकद घटते.

ह्या लाल ऑक्साइडनं आपल्या किती घरांच्या जमिनी रंगल्या! माझ्या माहेरी, नारायण पेठेतल्या वाड्यात, वरच्या मजल्यावर शेणानं सारवलेली जमीन आणि खालच्या एका खोलीत लाल कोबा होता. त्या खोलीचा मान वेगळा. उन्हाळ्यात दुपारी तिथे उघड्या अंगानं पडायला आम्हा मुलांची भांडणं. लाल कोबा करणारा गवंडी वेगळा असायचा, तो साध्या कामाला हात लावत नसे म्हणे. सिमेंट आणि लाल रंग कोरडाच कालवून चाळायचा, ओल्या थरावर पातळ लावायचा आणि मग घोटत बसायचं, पार चेहरा दिसेपर्यंत. घोटाईला घाई चालत नाही, आणि मधेच उठून गेलं तर जोड दिसतो. म्हणून एक खोली एका बैठकीत. तो वाडा आता नाही. त्या जागी सहा मजले आणि खाली दुकानं आहेत.

आमच्या सहकारनगरच्या घरातही सिमेंटची शोभा आहे, फक्त ती परमिटच्या काळातली. सासऱ्यांनी, अप्पांनी, हे घर बांधलं तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणात होतं. अर्ज करायचा, परमिट मिळवायचं, मग पोती. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण थोडं सैल झालं आणि पूर्ण उठलं ते १९८९ मध्ये. ते सैल व्हायच्या जरा आधी, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं. आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात, सिमेंटवरून सरकारं हलायची म्हणून. अशा दिवसांत माणसानं सिमेंट सांभाळून वापरावं की नाही? स्लॅबला, तुळयांना लागेल तेवढं वापरून चार घमेली वाचवायची आणि गुपचूप घरी जायचं. पण अप्पांच्या गवंड्यानं वाचलेल्या मालातून फाटकाच्या खांबांवर दोन कमळं केली, जिन्याला सिमेंटच्या जाळ्या बसवल्या, गच्चीच्या कठड्यावर घराचं नाव आणि साल उठावात काढलं, आणि मागच्या कोब्याला दोरी मारली. आसपासच्या गल्ल्यांतून फिरलं तर प्रत्येक बंगल्यावर असंच काही ना काही. कुणाकडे हंस, कुणाकडे उगवता सूर्य, कुणाच्या तुळशी वृंदावनावर चार बाजूंना चार दिवळ्या. काहींच्या गच्चीवर फुटक्या टाइलांच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, आणि त्यातही पांढऱ्यात मधोमध एक निळं फूल, जे घारींशिवाय कुणाला दिसणार नाही. वास्तुरचनेच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडत नाही, कारण त्याला रचनाकार नाही. उरलेला माल आणि रिकामे हात, एवढंच.

तरुण कंत्राटदाराला चहा पाजून निरोप दिला आणि मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री मूळचे लातूरकडचे. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, तिकडे नवी गावं वसवायचं काम निघालं, तेव्हा पोरवयात बिगारी म्हणून लागले आणि त्याच कामावर गवंडी झाले. मग पुणं. त्यांना मी माझी कल्पना सांगितली: वरून काही चिकटवायचं नाही, आतलीच खडी दिसली पाहिजे.

‘म्हणजे ग्रिट वॉश,’ ते म्हणाले. ‘भिंतीला करतेत तसलं. ते जमिनीला कशाला? चपलीला टोचल ना.’

त्यांची शंका रास्त होती. भिंतीवरचं वॉश केलेलं ग्रिट प्लास्टर पुण्यातल्या सत्तरच्या दशकातल्या इमारतींवर पुष्कळ दिसतं, आणि त्याला खांदा घासला तर सदऱ्याचं वाटोळं. जमिनीवर दगड किती उघडा ठेवायचा हाच सगळा प्रश्न. खड्याचा तिसरा हिस्सा वर, बाकी आत. त्याहून जास्त उघडा केला तर एकेक खडा निखळून येतो, कमी ठेवला तर नुसतं खरबरीत सिमेंट दिसतं. मग खडीवर चर्चा झाली. यंत्रातून आलेली खडी टोकदार. वाघोलीकडच्या क्रशरवरून आणलेल्या चार-पाच नमुन्यांची पोती आम्ही अंगणात ओतून, पाणी मारून बघितली. कोरडा असताना राखाडी दिसणारा आपला दगड ओला झाला, की त्यात काळा, निळा, कधी हिरवट, मधेच एखादा पांढरा ठिपका, असं सगळं निघतं. चपट्या कपच्या वेगळ्या काढून जरा गोलसर, दहा मिलिमीटरची खडी निवडली. वाळूचा प्रश्न नव्हता, हल्ली नदीची वाळू मिळते कुठे? २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणानं परवान्याशिवायच्या वाळूउपशावर बंदी आणल्यापासून पुण्याची बांधकामं क्रश सँडवर आली, आणि ती वाळूही ह्याच दगडाची. म्हणजे आमच्या अंगणात सिमेंट सोडलं तर सगळा काळा पाषाणच.

सांध्यांसाठी मिस्त्री कटर लावतो म्हणाले. मला तो करकर आवाज आणि ती सरळ काळी चीर दोन्ही नको होतं. त्याऐवजी आम्ही अंगणाचे आठ-नऊ फुटांचे तुकडे पाडले आणि दोन तुकड्यांमध्ये चार बोटं माती मोकळी सोडली, गवतासाठी. काँक्रीट आक्रसतं, त्याला कुठे तरी सुटायला जागा लागते. ती आधीच दिली तर ते स्वतःहून शोधत नाही. शिवाय पाऊस मुरायला वाट. समोरचे काका दोनदा येऊन विचारून गेले, ‘ते पट्ट्यातलं गवत कापणार कोण?’ कात्री घेऊन बसावं लागतं, हे कबूल.

ओतायचा दिवस आम्ही एप्रिलमधला धरला, आणि पुण्यात एप्रिलमध्ये असलं काम काढू नये, असं आता मी कुणालाही सांगेन. कडक ऊन एक वेळ चालतं, वारं वाईट. वरचं पाणी वारा पिऊन टाकतो, खालचं अजून ओलं असतं आणि कातडी आवळून बारीक भेगा पडतात. म्हणून पहाटेच्या अंधारात सुरुवात केली. मुरूम ठोकून, सोलिंग करून, पाणी मारून ठेवलेलंच होतं. मिक्सर फाटकाबाहेर. बिगारी बायका घमेली पुढे देत होत्या, मिस्त्री पट्टी ओढत होते. पाण्याच्या बादलीवर त्यांचा स्वतःचा पहारा. माल पातळ झाला की पसरवायला सोपा, म्हणून प्रत्येक जण नजर चुकवून अर्धा तांब्या जास्त ओततो, आणि तो अर्धा तांब्या पुढे वीस वर्षं नडतो. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं.

सपाट करून झालं आणि मग काही नाही. सगळे बसले. मला वाटलं आता घोटतील. मिस्त्रींनी हात आडवा धरला. ‘आता नका हात लावू. पाणी वर यायलंय अजून.’ खरंच, करड्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा चमकत होता. जड खडी खाली बसते, पाणी वर सरकतं. पुष्कळ ठिकाणी ह्या क्षणी कोरडं सिमेंट भुरभुरून पाणी टिपून घेतात आणि वरून थापी फिरवतात. काम लवकर उरकतं, तुळतुळीत दिसतं आणि पहिल्या वर्षीच त्याची पापडी निघून धूळ व्हायला लागते. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये झाडू मारला की रोज नवी करडी पूड निघते ना, तिचं हे एक मूळ.

ह्या थांबण्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण कॅटलॉगात ते कुठेच नसतं. ओतणं हे काम नव्हे, ओतणं कुणालाही येतं. सगळी शोभा त्या मधल्या वेळात ठरते, जेव्हा माल ओला नाही आणि घट्टही नाही. दोरी मारायची ती तेव्हाच, छाप उठवायचा तो तेव्हाच, घोटायचं तेव्हाच आणि खडी उघडी करायची तीही तेव्हाच. वडी ताटात थापल्यावर सुरी कधी फिरवायची हे जसं घड्याळ सांगत नाही, तसंच हे. फेब्रुवारीत तो वेळ चार-पाच तासांनी येतो, एप्रिलात दोन तासांत निसटतो, आणि एकाच अंगणात सावलीतला तुकडा मागे राहतो, उन्हातला पुढे पळतो. मिस्त्री दर थोड्या वेळानं उठून एकेका तुकड्यावर अंगठा टेकवत होते. ठसा उमटतो का, किती उमटतो, अंगठ्याला काय चिकटतं. आंब्याच्या सावलीतल्या तुकड्यापाशी ते आलेच नाहीत, फाटकाजवळच्या तुकड्यावर मात्र साखरेचं पाणी मारायला सांगितलं. हो, साखर. तिच्यातला थोडासा अंश सिमेंटचं जमणं कित्येक तास लांबवतो. बाजारात ह्याच कामाचं रसायन डब्यांतून मिळतं, पण मिस्त्रींचा विश्वास आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यावर. हाताखालच्या पोराला बजावलं, वर-वरच मार, मुरू देऊ नकोस.

मग एकदम, कसलीही सूचना न देता, ते गुडघ्यावर बसले. एका हातात नायलॉनचा ब्रश, दुसऱ्या हातात पाण्याची बारीक धार. वरचं सिमेंट दुधाळ होऊन वाहायला लागलं आणि खालून खडे वर आले, ओले, काळेभोर. पाच मिनिटांपूर्वी ज्याच्याकडे कुणी बघितलं नसतं त्या पृष्ठभागाला एकदम चेहरा आला. बिगारी बायकांपैकी एक म्हणाली, ‘अगं बया, हे तर आपल्या ओढ्यावानी दिसतंय.’ मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांना पुढचा तुकडा गाठायचा होता. एका कोपऱ्यात जरा जास्त धुतलं गेलं, तिथे खडे उंच राहिले आहेत. अनवाणी चालताना तो कोपरा अजून कळतो.

त्यानंतरचं काम पाण्याचं, आणि पुण्यात उन्हाळ्यात पाणी म्हणजे घराघरातला राजकारणाचा विषय. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, आणि ही क्रिया कित्येक आठवडे चालू राहते. ताकदीचा हिशेब २८ दिवसांवर लावतात तो म्हणूनच. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, हल्ली सगळीकडे मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त ओल ठेवा, असं शास्त्र सांगतं. मनपाचं पाणी गुरुवारी बंद आणि टँकरचा भाव विचारू नका. आमच्या सासूबाईंनी भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायला सुरुवात केली. मिस्त्रींनी जुनी गोणपाटं अंथरली, त्यामुळे थोडक्यात भागलं. पूर्वी सिमेंट तागाच्या पोत्यांतून यायचं तेव्हा त्याच पोत्यांची गोणपाटं व्हायची, आता ती वेगळी विकत आणावी लागतात. गोणपाटं उचलल्यावर काही तुकड्यांवर पांढरट ढग दिसले. मी घाबरले. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा होऊन बसतो, दोष नव्हे. पहिल्या पावसाळ्यात बरेचसे गेले. सीलर मी मारू दिलं नाही. त्यानं दगड कायम ओला दिसतो खरा, पण पुण्याच्या जुलैत त्यावर शेवाळ धरलं की पाय सटकलाच.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचते आणि ती दडवून चालणार नाही. अंगण काँक्रीटचं करणं हेच मुळात चांगलं काम नाही. जुन्या शहाबादी फरश्यांच्या फटींतून पाऊस मुरायचा, मुंग्यांची वारुळं असायची, पारिजातकाची रोपं आपोआप उगवायची. पेठांतले बोळ, सोसायट्यांचे रस्ते, झाडांची आळी, सगळं एकसंध सिमेंटखाली जातं आहे आणि दर पावसाळ्यात पाणी रस्त्यावर उभं राहिलं की आपण महापालिकेला शिव्या घालतो. आमच्याकडे गाडीच्या चाकांना लागेल तेवढंच काँक्रीट आहे, आंब्याभोवती वावभर जागा मोकळी आहे, कडेनं शहाबादीचे जुनेच तुकडे मातीत बसवले आहेत. तरी जे झालं ते झालंच. शोभेचं काँक्रीट चांगलं व्हावं ह्याची पहिली अट ते थोडं असावं, असं माझं मत आहे. कॅटलॉगवाल्यांना हे पटणार नाही.

मागच्या गल्लीतला एक बंगला यंदा रीडेव्हलपमेंटला गेला. जेसीबी लावायच्या आधी मी तिथल्या मुकादमाला गाठून जिन्याच्या जाळ्या मागितल्या. राडारोड्यात जाणारा माल, त्यानं उलट चार माणसं लावून काढून दिल्या, फक्त चहापाण्याचे घेतले. आमच्या जाळ्यांपेक्षा ह्यांचा नमुना नाजूक आहे. वर्तुळात वर्तुळ आणि मधे चार पाकळ्या. दोन फुटल्याच. मिस्त्रींनी उरलेल्यातली एक अंगणात उताणी ठेवली, लाकडी पट्ट्यांनी मापं घेतली आणि साचा केला. बारीक कच, एकास तीन माल, आत बाइंडिंगची तार. तिसऱ्या दिवशी साचा उघडला तेव्हा एका पाकळीचं टोक उडालं होतं, ते त्यांनी बोटानं भरून घेतलं. आता जुन्या सगळ्या काळपट आणि नव्या दोन पांढऱ्याफट. मी म्हटलं, मिस्त्री, थोडा काळा ऑक्साइड घालायला हवा होता का?

‘दोन पावसाळे जाऊ द्या ताई,’ ते म्हणाले. ‘मग मलाच वळखू यायच्या नाहीत.’ आणि शिल्लक मालाकडे बघत विचारलं, ‘घरात एखादी फुटकी बादली आहे का? ह्याच्यात एक कुंडी निघतीय.’